लांबच्या वाटेनं पाणी

माय, तू अंगण झाडत होतीस. चांगलं उजाडलं होतं, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं. एरवी गल्ली जागी व्हायच्या आत झाडून, सडा टाकून, चूल पेटवून तू मोकळी व्हायचीस. त्या दिवशी मात्र ऊन अंगणात येईपर्यंत, समोरची सगळी दारं उघडेपर्यंत तू थांबलीस आणि मग खराटा हातात घेतलास. आपलं अंगण झाडलंस, अंगणापुढचा रस्ता झाडलास, तोही शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत. शेण कालवून सडा टाकलास. आतली चूल तशीच ठेवून बाहेरच्या चुलीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत भाकरी थापल्यास. मग डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन विहिरीला निघालीस. सरळ वाटेनं विहीर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. तू पाराकडून वळलीस, सुताराच्या दारावरून वरच्या आळीत गेलीस, सगळ्या गावाला वळसा घालून विहिरीवर पोचलीस, आणि भरलेल्या घागरी घेऊन पुन्हा त्याच वळशानं परत आलीस. मी तुझा पदर धरून मागं चालले होते. "माय, इकडून कामून?" मी विचारलं. "गप चाल," तू म्हणालीस. घरी येऊन पाणी रांजणात ओतलंस आणि रिकाम्या घागरी घेऊन परत निघालीस. रांजण तर पहिल्याच खेपेला भरला होता.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आता साठी ओलांडली. त्या सकाळी तू काय करत होतीस हे मला कळायला एवढी वर्षं लागली. कळलं ते मागच्या दिवाळीच्या आधी, आणि तेव्हापासून तुला सांगायचं राहिलंय. आज दुपारी घरात कुणी नाही. मुलगा सेलूला कापसाच्या जिनिंगवर मशीनपाशी असतो, सून पापड लाटायला शेजारी गेलीय. माझ्या नातीची झोळी आढ्याला बांधलेली आहे, तिची दोरी मी पायाच्या अंगठ्याला अडकवलीय आणि सुनेच्या जुन्या वहीतल्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय. पाय हलवला की झोळी हलते. तुला वाचता येत नव्हतं. हा कागद तुझ्या हातात दिला असता तर तू उलटा धरला असतास आणि म्हणाली असतीस, "हे काय कोंबड्याचे पाय उठवलेस? तूच वाच." मलाही कुणी बसवून शिकवलं नाही. दोन यत्ता झाल्या आणि शाळा सुटली. लग्नानंतर किराणा ज्या कागदात बांधून यायचा, तो कागद मी चुलीत घालायच्या आधी वाचायला लागले. अर्धीच बातमी असायची, पुढचा तुकडा कुणाच्या घरी गेला असेल देव जाणे. तुझे जावई हसायचे. म्हणायचे, "डाळ शिजू दे आधी, देश मग चालव." पण सेलूहून येताना तेच एखादं जुनं पुस्तक पिशवीत टाकून आणायचे, आणि जणू चुकून आलं असं कोनाड्यात ठेवून द्यायचे.

तर ती सकाळ. तिच्या आदल्या दिवसापासून सांगते, म्हणजे मला किती आठवतंय तेही तुला कळेल. खालच्या गावात पटकी लागली होती. हगवण-उलटी होऊन माणसं चटचट जात होती. मग आपल्याकडं सायकलवर तो टोचणीवाला आला, मागं पत्र्याची पेटी बांधलेली, त्यात सुया आणि त्या उकळायचा दिवा. आल्या आल्या त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं, आणि बाया म्हणाल्या, विहीर बाटवली. सुईनं हात सडतो असं कुणीतरी सांगितलं होतं, पोरीला सुई दिली तर तिला पुढं लेकरं होत नाहीत असंही. तू तर बाप नसलेली एकच पोर सांभाळणारी. आपल्या दोन एकरांतला वेचलेला कापूस घराच्या कोपऱ्यात कमरेइतका रचलेला होता. टोचणीवाल्याची सायकल गल्लीत वाजली तशी तू मला त्या ढिगात बसवलंस, वरून कापूस टाकलास आणि नाकापुरती जागा ठेवलीस. "श्वास सुदिक हळू घे," म्हणालीस. आत ऊब होती, सरकीचा वास होता, आणि कापसाची तुसं नाकात जात होती. तो दारात उभा राहून तुला विचारत होता, घरात कोण कोण आहे. तू म्हणालीस, मी एकटीच. तेवढ्यात मी शिंकले. एकदा नाही, तीनदा.

तो म्हणाला, "बाई, तुमच्या कापसाला सर्दी झालीय."

तू हसली नाहीस. मला पायाला धरून बाहेर ओढलंस आणि पदराखाली घेतलंस. तो माणूस रागावला नाही. उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला. तू तेव्हा शेजारच्या बाळंतिणीच्या लेकराला रोज न्हाऊ घालायला जायचीस. सगळ्या गल्लीची लेकरं तुझ्याच पायांवर न्हायली. त्याला ते कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यानं विचारलं, "ह्या पोरीला तुमी कापसात लपवलं. पाणी कुठलं पाजता?" तू म्हणालीस, "विहिरीचं." "अन् शेजारचं ते तान्हं लेकरू?" "त्येबी विहिरीचंच की." "मंग उद्या पटकी तुमच्या घरात आली, तर त्या लेकराला न्हाऊ घालायला कोणते हात घेऊन जाणार?" तो उठून पाराकडं गेला. तू बराच वेळ हात पुढं धरून त्यांच्याकडं बघत बसलीस, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

मग तू माझं मनगट धरून पारावर आलीस. तिथं सगळं गाव जमलेलं, पण पेटीपाशी कुणी जात नव्हतं. गर्दीतून वाट काढून तू सरळ त्याच्यापुढं बसलीस आणि चोळीची बाही वर सरकवलीस. "आधी मला," म्हणालीस, "मंग हिला." वरच्या आळीची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चांगल्या कामाला पांढरं कपाळ पुढं! आता झालंच भलं गावाचं." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुझ्या दंडात सुई गेली तेव्हा तू त्या म्हातारीकडं बघत होतीस. मग मला पुढं केलंस. मी ओरडले, पण सुईनं नाही. त्या हसण्यानं ओरडले. त्या दिवशी आपल्याशिवाय कुणीच टोचून घेतलं नाही. सगळे म्हणाले, उद्या ह्या रांडमुंड बाईचं काय होतंय ते बघू. टोचणीवाला म्हणाला, बघा, मी उद्या दुपारपर्यंत इथंच आहे.

घरी आल्यावर मी तुझ्यावर तोंड टाकलं. पोर होते, पण लाज कळत होती. "तूच कामून पुढं झालीस? सगळ्या हासल्या तुला." तू पीठ मळत होतीस. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू मान वरसुद्धा केली नाहीस. "मंग कोण व्हायचं?" एवढंच म्हणालीस. माझ्या आठवणीत तू मला पुष्कळ रागावलीस, पण इतकं जोराचं कधी लागलं नाही.

आणि मग ती सकाळ, तो खराटा, त्या दोन घागरी. विहिरीवर काय झालं ते शेवटी सांगते, ते सांगायला मला जरा हिंमत गोळा करावी लागेल. दुपारपर्यंत शेजारणीनं आपलं तान्हं सोडून घरातल्या सगळ्यांना पारावर नेलं, मग सुताराचं घर गेलं, मग रांगच लागली. ती म्हातारीसुद्धा आली, सगळ्यांत शेवटी, तोंड फिरवून. आपल्या गावात पटकी आली नाही. सुईनं आली नाही, की लाल औषधानं, की नशिबानं, ते मी सांगू शकत नाही. मला फक्त तुझी ती पाठ आठवते, वरच्या आळीतून जाणारी, दोन घागरींखाली ताठ.

तू गेलीस त्यालाही आता जमाना झाला. तुझे जावई गेले ते तुला कळलंच नाही. एका थंडीत मी मानवतला लग्नाला गेले होते. मांडवात जो तो खोकत होता. मी ताप घेऊन आले. आपल्याकडं बाईनं तापात झोपायची रीत कुठाय? मी तशीच उठत होते, भाकरी करत होते, चहाचा पेला त्यांच्या हातात देत होते, थंडी म्हणून दार-खिडक्या लावून दोघं एकाच खोलीत झोपत होतो. चार दिवसांत मी बरी झाले आणि पाचव्या दिवशी ते पडले. त्यांना साखर होती, छाती आधीच नाजूक. परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, फ्लूच आहे, पण छातीत उतरलाय. आठवडाभरात मी एकटी परत आले. लोक भेटायला आले, म्हणाले, साधा ताप तो काय अन् माणूस नेला. तो साधा ताप घरात कुणी आणला हे मी कुणापाशी बोलले नाही. बोलून काय झालं असतं? सगळ्यांनी म्हटलं असतं, तुमचा काय दोष. दोष नव्हताच. पण चहाचा पेला माझ्या हातातून गेला होता, हे मला रोज चहा करताना आठवतं. रडू येत नाही आता. आठवतं फक्त, आणि चहा उकळतो.

मागच्या वर्षी सुनेला दिवस गेले. पाऊस संपत आला तेव्हा सिस्टर घरी आली. सिस्टर म्हणजे उपकेंद्रातली नर्स, पेडगावकडून गाडीवर येते, बोलायला फटकळ पण हात हलका. म्हणाली, "काकू, थंडीच्या आधी फ्लूची लस आलीय. गरोदर बाया, म्हातारी माणसं, बीपी-साखरवाले, सगळ्यांना द्यायलोय. तुमच्या घरात तर दोघी ह्यात बसता." मी विचारलं, "फ्लूची लस असते?" माय, मी इतके कागद वाचले, पण हा कागद माझ्या पुड्यांत कधी आला नव्हता. ती म्हणाली, असते, आणि दरसाल घ्यावी लागते, कारण हा ताप दरसाल रूप बदलून येतो. घेतली म्हणून तो होणारच नाही असं नाही, पण झाला तर बहुतेक वेळा दवाखान्यापर्यंत नेत नाही. तिनं एक पत्रक दिलं. ते मी तीनदा वाचलं. त्यातल्या एका ओळीवर माझं बोट थांबलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, असं लिहिलं होतं. आईनं गरोदरपणी घेतली तर तिच्याकडून बाळाला काही संरक्षण मिळतं, आणि बाळाच्या भोवतीच्या माणसांनी घ्यावी. भोवतीच्या माणसांनी. मला एकदम तुझे हात आठवले, तू पुढं धरून बघत बसली होतीस ते.

सूनबाई माझी शिकलेली आहे, पण भित्री. तिला सांगितलं तर म्हणाली, "आत्या, आईला विचारते." तिची आई मानवतला असते. फोनवरूनच तिचा आवाज मला ऐकू आला. "पोटुशीला सुई? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" दुसऱ्या दिवशी ईनबाई, म्हणजे तिची आई, एसटीनं हजर. तशीही ती सातव्या महिन्याचं डोहाळजेवण करायला येणारच होती, आठ दिवस आधी आली एवढंच. बाई मोठी प्रेमळ, पण बोलायला लागली की समोरच्यानं ऐकायचंच. म्हणाली, "ईनबाई, तुमी पुस्तकं वाचता, तुमचं खरं असंल. पण लेकरू माझ्या लेकीच्या पोटात हाय, पुस्तकाच्या न्हाई." मी म्हटलं, "लेकरू माझ्याबी घरात येणार हाय." "मंग जपा त्याला. सुया कशाला टोचायल्या?" मी तिला मांडवातल्या खोकल्याचं सांगणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. सांगितलं नाही.

लस द्यायचा दिवस आला. अंगणवाडीत सतरंजी टाकली होती. सिस्टर निळा डबा घेऊन बसली, आत बर्फात लस. आमच्या गल्लीतल्या पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, दोन-चार काठी टेकणारे म्हातारे, सगळे आले होते आणि सगळे भिंतीला टेकले होते. मी दारापाशी, चपलांजवळ बसले. कुणी तिथं बसायला सांगितलं नव्हतं. ओटी असो, हळदीकुंकू असो, बारसं असो, तुझे जावई गेल्यापासून माझे पाय आपोआप दारापाशी थांबतात, तसेच इथंही थांबले.

"चला, पहिलं कोण?" सिस्टर म्हणाली.

कुणी हललं नाही. मग एक जण म्हणाली, "हिला करा पुढं, पोटुशी सवाष्ण हाय, पहिला मान हिचा." आणि माझ्या सुनेकडं बोट केलं. सून मागं सरकली. "न्हाई वो, तुमी मोठ्या, तुमचा मान." "आगं माझं काय, मी हायच मागं. त्या वरच्या घरच्या वैनीला द्या." "मला कामून? तुमीच व्हा की, बसायला पाटबी देतो." म्हाताऱ्यांतला एक जण म्हणाला, "बायांनो, घ्या की मान. लग्नात तर मानाच्या साडीवरून भांडताव." हसू झालं, पण उठलं कुणी नाही. असा मान मी जन्मात पहिल्यांदा बघितला, जो दुसऱ्याच्या ओटीत टाकायची सगळ्यांना घाई झाली होती. सिस्टर घड्याळाकडं बघत होती. तिला पुढच्या वाडीवर जायचं होतं. सून माझ्याकडं बघत होती. ती काय विचारतेय हे मला कळत होतं, आणि मी दारापाशी चपलांत बसले होते.

मी उठले. सतरंजीवरून चालत पुढं गेले आणि सिस्टरसमोर बसले. मागून ईनबाईचा आवाज आला. तिच्या मनात वाईट नव्हतं, तिला माझी काळजीच वाटत असेल. ती म्हणाली, "आवो ईनबाई, तुमी कशाला पुढं? सवाष्णी बसल्यात की."

आणि माझ्या तोंडून तुझा आवाज निघाला, माय. "मंग कोण व्हायचं?"

कुणी हसलं नाही. मी ब्लाउजची बाही वर केली. सुई गेली, मुंगी चावावी तशी. सिस्टर मोठ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दंड एक-दोन दिवस दुखंल. एखाद्याला कणकण येते, अंग मोडतं. तो फ्लू नसतो, ह्या लसीनं फ्लू होत न्हाई. तसं झालं तर लपवू नका, मला सांगा." मग माझ्यानंतर एक म्हातारा उठला, ज्यानं साडीचा टोमणा मारला होता तोच. बाकी कुणी नाही. ईनबाई उठली, लेकीचा हात धरला आणि मला म्हणाली, "उद्या बगू. उद्या तुमी धडधाकट उठलात तर माझी लेक घेईल. माझा शब्द." सिस्टर म्हणाली, "मी उद्या दहापर्यंत पुन्हा येते. पण बाई, एवढी लस सांभाळून आणली, ती परत न्यायला लावू नका."

घरी आले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. दंड जड झाला होता. झोपताना अंगात कणकण आली, गोधडी ओढली तरी शिरशिरी जाईना. शेजारच्या खाटेवर सून कुशीवर वळून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आत्या, बरं वाटत न्हाई का?" मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी मला ती सकाळ पुरती कळली. तू उशिरा का झाडलंस, भाकरी बाहेर का केल्यास, वरच्या आळीतून का गेलीस, भरलेल्या रांजणात पाणी ओतायला दुसरी खेप का केलीस. तू स्वतःला दाखवत होतीस. अंगात ताप असलेली बाई दोन घागरी घेऊन सगळ्या गावाला आपण उभ्या आहोत हे दाखवत होती, कारण तू पडली असतीस तर पारावर कुणी गेलं नसतं. तुझ्या अंगात ताप होता हे मला ठाऊक होतं ना, मी तुझ्या कुशीत झोपले होते. तुझं पोट चुलीच्या भिंतीसारखं तापलेलं होतं.

हे एवढं लिहिताना झोळी दोनदा कुरकुरली. थंडी गेली, गल्लीत खोकला घरोघर फिरून गेला, सुनेला दोन दिवस सर्दी झाली. ही पोरगी एकदाही फणफणली नाही. लसीमुळंच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, सिस्टरही म्हणत नाही. पण सुनेनं घेतली, दुसऱ्या दिवशी, साडेनऊला. माझ्या मुलानंही जिनिंगवरून येऊन घेतली. त्या दिवशी अंगणवाडीत बाया एकमेकींना मागं ढकलत होत्या, डबा रिकामा होईल म्हणून. आणि ईनबाई? शब्द लेकीचा दिला होता, स्वतःचा नव्हता. पण लेकीचा दंड पुसून झाल्यावर तिनंच सतरंजीवर बसकण मारली आणि सिस्टरला म्हणाली, "मला बीपी हाय. अन् लेकराला बाळंतपणात न्हाऊ कोण घालणार? मीच ना?" मला तू तिथं बसलेली दिसलीस. डोहाळजेवणाला तिनं सगळ्यांसमोर माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, पहिली ओटी तुमी भरा. मी भरली. एखादी बाई कुजबुजली असेल, मला ऐकू आलं नाही, किंवा आता मला तसलं कमी ऐकू येतं.

मी हे पत्र कुठं पाठवणार नाही. लिहून झालं की वही परत सुनेच्या ट्रंकेत जाईल. तरी जे सांगायचं टाळत आले ते सांगून टाकते. त्या सकाळी विहिरीवर तू रहाटापाशी होतीस आणि मी शेजारणीपाशी उभी होते. मला अजून तुझा राग होता, त्या हसण्याचा. मी तिच्या कानात सांगितलं, "माझ्या मायच्या अंगात ताप हाय." ती सरळ तुझ्याकडं आली आणि तुझ्या कपाळाला हात लावला. तू म्हणालीस, "आत्ता चुलीपुढून उठले बाई, गार कुठून लागंल?" आणि घागर उचलून चालायला लागलीस. तिनं तुझ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काय समजायचं ते समजली, आणि तरी दुपार व्हायच्या आत घरच्यांना घेऊन पारावर गेली. तिला कुणी सांगितलं हे तू मला कधीच विचारलं नाहीस. तुला माहीत होतं की नव्हतं, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही. मी सांगितलं होतं, माय.

तू ताप लपवलास. तेव्हा तुझ्याकडं दुसरा इलाज नव्हता. माझ्याकडं होता. सुनेनं खाटेवरून विचारलं तेव्हा मी तिला म्हटलं, "हो, कणकण हाय. दंडबी दुखायलाय. सिस्टरनं सांगितलं होतं तेवढंच. सकाळी बघ तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातल्या नळाला पाणी आलेलं असताना, मी कळशी घेतली, पाराकडून वळून लांबच्या वाटेनं हापशावर गेले, आणि ज्या ज्या दारात बाई उभी होती तिथं तिथं थांबून सांगितलं, रात्री अंगात कणकण होती, दंड अजून दुखायलाय, अन् मी पाण्याला चाललेय.